मुनशीजींचा गाल

मुनशीजी कापूस गालाने तपासायचे. मूठभर रुई डाव्या गालावर धरायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "कोरडा." नाहीतर, "वला." अमरावतीच्या बाजारात आम्ही व्यापाऱ्यांनी त्यांची खूप टिंगल केली. "हात राठ होतेत, भाऊ. गालाले बरोबर समजते," ते शांतपणे सांगायचे.

तेव्हा समुद्रापलीकडे कुठे लढाई पेटली होती आणि विलायतेला आमच्याच कापसाची ओढ लागली होती. मग काय, वजन वाढवायला कोणी पाणी मारी, कोणी रेती मिसळी. खोटं कशाला बोलू, मीही एकदोनदा मारलं होतं. म्हणून सरकारने तपासनीस नेमले. ओला माल सापडला की जप्त. परतवाड्याचे मुनशीजी त्यांच्यातलेच.

पण माल नापास केला की ते त्याच कापसाची फडक्यात पुडी बांधायचे, वर आपली मोहर उठवायचे आणि व्यापाऱ्याच्याच हाती द्यायचे. "मी चुकलो तं मले पकडाले काही पायजे ना तुमाले?"

पौषातल्या एका सकाळी दर्यापूरहून माझ्या चार गाड्या आल्या. वर्षभराचा सगळा माल. मुनशीजींनी गाल लावला. "वला."

"रातचं दहिवर पडलं आहे ते, मुनशीजी. पाणी नाई मारलं म्या."

"सारेच दहिवर सांगतेत, भाऊ."

गाड्या जप्त. माझं डोकंच फिरलं. त्यांनी पुडी दिली, आणि सरकारी अर्जाची भाषा मला जमेना म्हणून अर्जही स्वतःच लिहिला. मुनशीने घाईने चुकीचा निकाल दिला, असं त्यात सरळ होतं. स्वतःबद्दल एक शब्द मवाळ केला नव्हता.

आठ दिवसांनी तपासनिसांवरच्या अकोल्याच्या साहेबाने अर्ज वाचून पुडी फोडली. पाणी मारलेली रुई बांधून ठेवली की पिवळी पडते, आंबूस वास मारते. दहिवर वरवरचं, ते फडक्यातच सुकून जातं. माझी पांढरीशुभ्र निघाली. गाड्या सुटल्या, आणि मुनशीजींची बदली झाली मेळघाटात, सेमाडोहला, लाकडं तपासायला.

निघताना त्यांना गाठलं. मला फार वाईट वाटत होतं. "साहेबाले सांगतो मी, चूक दहिवराची होती म्हणून."

"काहून? चुकलो तं सापडलो. पुडी कामाची निघाली." आणि हसले. मनापासून हसले.

त्यांची आठवण येत नाही असा हंगाम जात नाही. परवा नव्या तपासनिसांनी माझी गाडी नापास केली. मी सवयीने पुडीसाठी फडकं पुढे केलं.

"हे कशाला?" त्यांनी विचारलं.

मी फडकं घडी करून खिशात ठेवलं.