काळीतला धाकटा

मुंबईचे वर्तमानपत्र आले. मी वाचून दाखवले. जहाजीबुवांनी सुई खाली ठेवली.

अकोल्याच्या कापूसबाजारात ते गठाणींची तोंडे शिवत आणि मी त्यांवर व्यापाऱ्याची अक्षरे रंगवत असे. अमेरिकेत लढाई पेटल्यापासून आमच्या कापसाची मागणी एकदम वाढली होती. जो तो घाईत. बुवा मात्र तळहाताला कातड्याची पट्टी बांधून सावकाश टाका रेटीत. तो टाका शिडाचा होता. फ्रेंचांच्या लढाऊ जहाजावर त्यांनी सात वर्षे शिडे शिवली होती.

मोर्शीकडचे बुवा आणि त्यांचा धाकटा भाऊ कामासाठी मुंबईला गेले, आणि पटकीने खलाशी गमावलेल्या त्या जहाजाने त्यांना घेतले. त्या लोकांची बोली कशी कळली, असे मी एकदा विचारले. "सोपी हाय मास्तर," ते म्हणाले. "आपून 'मायले'त 'ले' मांगून लावतो, ते शब्दाच्या आंदी लावतेत." हमाल हसले. बुवा हसले नाहीत.

जहाजाची हकिगत ते नात्यातल्या बाईची सांगावी तशी सांगत. तिच्यावर साठ तोफा होत्या. रशियाशी लढाई झाली तेव्हा तिने काळ्या समुद्रातून किल्ल्यावर मारा केला. पुढे तोफा उतरवून तिच्यात घोडे भरले, घोड्यांनंतर जखमी शिपाई. वाफेची जहाजे वाढली, तसे तिला बंदरात बांधून कोठार केले. त्या दिवशी बुवा उतरले, एकटेच.

धाकटा भाऊ काळ्या समुद्रावर तापाने गेला होता. बुवांनीच त्याला शिडाच्या कापडात शिवून पाण्यात सोडले. लिहिता येत नव्हते, म्हणून त्याच्या नावाऐवजी डोलकाठीजवळच्या तुळईवर चाकूने कापसाचे बोंड कोरले. गावी परतल्यावर ते आईला एवढेच म्हणाले, "धाकला काळ्यात रायला." आईने ऐकले 'काळीत'. आपल्या शेतासारख्याच काळ्या जमिनीत लेकराला ठेवले, असे तिला वाटले. "तिथं कापूस येते का?" तिने विचारले. बुवा 'येते' म्हणाले. ती होती तोवर दर हंगामाला विचारी, आणि बुवा तेच सांगत.

"मायले खोटं सांगतलं," ते मला म्हणाले होते. "पर तुळई हाय नं."

म्हणून प्रत्येक वर्तमानपत्रात ते जहाजाची खबर विचारत. त्या दिवशी ती होती: जुने जहाज लाकडासाठी विकले, तोडून झाले. मला ती ओळ गाळता आली असती. मी वाचली.

"तिले उसवलं म्हन्ता?"

"हो, बुवा."

"सारी?"

मी मान हलवली.

त्यांनी सुई पुन्हा उचलली आणि समोरच्या गठाणीच्या कोपऱ्यावर काळ्या दोऱ्याने एक बोंड शिवले. मुकादम हटकायला आला आणि बोंड पाहून परत गेला. मी अक्षरे रंगवली ती बोंड सोडून. बुवांनी पट्टी सोडली, सुई माझ्या हातात दिली आणि मोर्शीची वाट धरली. महिन्याभराने ते गेल्याचा निरोप आला.

ती बोंडाची गठाण मुंबईहून जहाजावर चढली. सुई माझ्याकडे आहे.