पाण्यात राहिलेली चंद्रकोर

श्रीगजाननास आणि परसदारी वाहणाऱ्या कृष्णामाईस वंदन करून लिहावयास बसलो आहे. आज कार्तिक वद्य त्रयोदशी, मातोश्रींची तिथी. श्राद्ध यथासांग झाले, ब्राह्मण जेवून गेले. मन मात्र माजघरातल्या एका चित्रापुढे येरझाऱ्या घालते आहे.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी वाईला संस्कृत शिकवीत असे, जोडीला भिक्षुकीही करीत असे. धाकटा भाऊ सांगलीला चित्रकलेचा शिक्षक होता. आई जाऊन सहा महिने झाले होते. मे महिन्याच्या सुट्टीत तो पत्नीसह घरी आला, तेव्हा जुन्या धोतरात गुंडाळलेले एक तैलचित्र त्याने माझ्यापुढे ठेवले. आमचीच मागली पडवी, तीत एक समई, पुढे काळोखी नदी आणि पूर्वेच्या काठावरील झाडांवर बारीक चंद्रकोर.

कौतुक करण्याआधी मला चूक दिसली. "अरे, दिवेलागण झालेली आणि कोर पूर्वेला? तुझ्या सांगलीत द्वितीयेचा चंद्र उलट्या बाजूने उगवतो वाटतं?"

तो हसला नाही. "चुकलंच, दादा," एवढेच म्हणाला आणि त्याच दुपारी त्याने कोरीवर काळानिळा रंग चढवला. शास्त्राचे रक्षण केल्याचे मला समाधान वाटले.

ते टिकले नाही. चित्र माजघरात टांगले आणि माझा जप बिघडला. माळेचे मणी मागेपुढे होऊ लागले. आसनावरून उठावे, चित्रापाशी जावे, परत बसावे. चौथ्या दिवशी कारण सापडले. आकाशात चंद्र नव्हता, पण पाण्यात त्याची पांढरी रेघ तशीच होती. बिंबावाचून प्रतिबिंब! भाऊ बाजारात गेला होता. भावजय तांदूळ निवडीत बसली होती, तिलाच मी म्हणालो, "त्याला म्हणावं, ती रेघही पूस."

तिने सूप खाली ठेवले. "दादा, ती संध्याकाळ नव्हती. सासूबाई गेल्या ती पहाट होती. नदी बघायची म्हणाल्या, म्हणून यांनी त्यांना उचलून पडवीत आणलं, उशाशी समई ठेवली. कोर वर आली तशा म्हणाल्या, 'थोरला निघाला असेल आता.'"

"मग हे त्याने मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्या रात्री कुठे होतात, तेही निघालं असतं."

त्या रात्री मी मेढ्याला होतो, यजमानांच्या वास्तुशांतीसाठी. आई अंथरुणाला खिळलेली ठाऊक असून, शब्द दिला होता म्हणून, सांगलीहून आलेल्या भाऊ-भावजयीवर तिला सोपवून गेलो. सकाळच्या पहिल्या एसटीने परतलो तेव्हा सारे आटोपले होते. वद्य त्रयोदशीची कोर पहाटे पूर्वेलाच उगवते हे मी मुलांना शिकवीत आलो. पण समई दिसली आणि मी सांजवेळ धरली. आईची तिथी समोर असून मला ओळखता आली नाही.

संध्याकाळी भावाला म्हणालो, "परत काढ रे ती."

भिंतीवरचे चित्र त्याने सरळ केले. "आता काढली तर ती पंचांगातली होईल, दादा. पाण्यातली रेघ मी मुद्दामच ठेवली आहे."

आजही पिंडदानाचा संकल्प सोडताना तिथीचा उच्चार केला आणि जीभ क्षणभर अडखळली. आता चित्रापुढे समई लावली आहे. डोळे आकाश सोडून पाण्यातच शोधतात.

वाचकहो, आपल्या घरातली वडीलधारी माणसे दीर्घायुषी होवोत. ती ज्या पहाटे वाट पाहतील, त्या पहाटे आपण त्यांच्या उशाशी असा. कृष्णामाई आपल्या साऱ्या कुटुंबाचे कल्याण करो.