शेफालीबाईंचा दुभाषी

आता माझ्या अकलेचं काय सांगू तुमाले, एका भाषणात मी दोन गावं भिडवता भिडवता राह्यलो.

शेफालीबाई आमच्या मुलचेऱ्याकडच्या, निर्वासिताईनं वसवलेल्या बंगाली गावातली पोरगी. शिकत शिकत अमेरिकेत गेली, तिथंच प्रोफेसर झाली. नदीच्या पान्यावरून भांडनाऱ्या दोन देशाईले तिनं एका टेबलाशी आनून बसवलं. परदेशाशी कसं वागावं, हे सरकारं तिले विचारतात. अशी बाई गावात भाषणाले आली, तं सारा इलाका लोटला.

सरपंच म्हनाले, बाई इंग्रजीत बोलतीन, पोट्ट्याईले हुरूप येईन. तुमी मराठीत सांगा. मी इंग्रजीचा एम.ए.! नाई कसं म्हनू?

बाई बोलाले लागल्या अन् माझं इंग्रजी घामासंग वाहून गेलं. कानात शिरले दोनच शब्द, नदी अन् मासे. बाकीचं मी आपल्याच पोटातून काढलं.

मंडपात डाव्या हाताले बंगाली गाव, उजव्या हाताले शेजारचं मराठी गाव. मधल्या तलावातल्या मासोळ्याईवरून दोघाईचं बोलनं बंद. हे मले मालूम होतं बरं. तरी ठोकून देल्लं, "बाई म्हनतात, मासा ज्याच्या काठाले, तो त्याच्या बापाचा."

उजवीकडून एक जन उठला. काठ तं आमचाच हाय, म्हने. डावीकडून चार उठले. सावरासाठी मी अजून दोन वाक्यं घुसडली, तं खुर्च्याच सरकल्या.

तेवढ्यात बाईनं माइक घेतला अन् चक्क आमच्याच बोलीत म्हनाल्या, "बसा जी सारे. मी असं नाई म्हटलं. नदी असो का तलाव, पानी एक हाय, तं जाळं बी संगंच टाका, एवढंच म्हटलं."

मंग तेच बंगालीत. आवाज जरासाही चढवला नाई. आधी उठले होते, तेच आधी बसले. भाषण संपलं, तं दोन्ही गावचे म्हातारे बोलत बोलत तलावाकडं निघाले. मी पाहतच राह्यलो. देश कसे बसवत असतीन, ते या डोळ्यानं पाह्यलं.

चहाच्या वेळेस हात जोडून विचारलं, बाई, मराठी येते तुमाले, तं मले मधातच काऊन नाई थांबवलं?

बाईनं कपात हळूच फुंकर मारली.

"तुमचं भाषण रंगात आलं होतं जी. माझं कवा ठेवता?"