लाल पदरामागचा चष्मा

नात पुण्याहून चष्मा घेऊन आली, तेव्हा मला वाटलं, माझ्या मोतीबिंदूची दया आली असेल. कसलं काय! चष्मा मिरचीसाठी होता. काचेतून मिरची पाहिली की कानाशी बारीक आवाज सांगायचा, ‘चांगली’ किंवा ‘फटकी’. फटकी म्हणजे रंग उडालेली, पांढुरकी. आमच्या नंदुरबारकडे मिरची वाळवायच्या मैदानाला पथारी म्हणतात. तिथे बसून बायका फटकी वेचून बाजूला काढतात. चष्मा नातीनेच बनवला होता; या बायकांनी आठ दिवसांत तो घातला, तरच तिचं काम पुढे जाणार होतं. नाहीतर तिची दोन वर्षांची मेहनत तिची पुण्याची कंपनी गुंडाळून ठेवणार होती.

मला राहवेना. घरीच घालून पाहिला. मांजराकडे पाहिलं, चष्मा गप्प. सुनेच्या गालाकडे पाहिलं तर म्हणतो, ‘फटकी’. मी ते मोठ्याने सांगितलं. सून संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या पथारीवर गेलो. चष्म्याच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचा ठिपक्याएवढा दिवा लागला आणि सगळ्या बायकांनी पाठ फिरवली. त्यांच्यातली सगळ्यात तोंडाळ बाई नातीला म्हणाली, “मन्हा फोटू कोठे धाडस हाई?”

“पुण्याला. त्यावरून चष्मा शिकतो, मावशी.”

“तठे कोन देखस?”

नात ओढणीने चष्म्याची काच पुसायला लागली. म्हटलं, मी सुरुवात करते, मग बसतील. चष्मा चढवून ढिगापुढे बसले. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून लाल लुगड्याचा पदर पार नाकापर्यंत ओढला. चष्मा सुरू झाला: चांगली, चांगली, चांगली! मूठभर फटकी समोर धरली, तरी चांगलीच. मला इतकं हसू आलं की मिरचीचा ठसका लागला.

कारण हा गाढवपणा मी आधीच करून बसले होते. लग्नानंतर पहिल्यांदा पथारीवर आले तेव्हा सासरे कडेला खाट टाकून बसलेले. त्यांच्यासमोर घुंघट हवाच; पण बोटभर पुरला असता तिथे मी हनुवटीपर्यंत ओढला. सून किती मर्यादाशील, असं चार जणींनी म्हणावं ना! शालू लालभडक. त्यातून सगळी मिरची एकसारखी लाल दिसायची. दुपारपर्यंत अर्धी फटकी मी ऐटीत चांगल्यात टाकली होती. सासूने ढीग उपसला आणि म्हणाली, “पोर आंधळी शे का काय?”

मी घुंघटाच्या आत मुळूमुळू रडत होते, तेही दिसेल न दिसेल इतपत, शोभून.

सासूने मला घुंघट वर कर म्हटलं नाही. सासऱ्यांकडे वळून म्हणाली, “तुम्ही उठा तठून. तिले देखू द्या.” खाट उचलून सासरे निंबाखाली गेले. मी पदर मागे सारला आणि मिरची पहिल्यांदा नीट पाहिली.

हे नातीला सांगितलं. तिने माझ्या नाकावरचा चष्मा काढून त्या दिव्यावर बोट ठेवलं.

“आजी, फोटो पाठवणं मला बंद करता येतं. पण कंपनीला तेच तर हवेत.”

“मग इथे खाट टाकून कोण बसलंय आणि उठवायचं कोणाला, ते तूच ठरव.”

तिने फोनवर काहीतरी दाबलं. दिवा विझला. मग कंपनीच्या साहेबांना फोन लावून सांगितलं की फोटो येणार नाहीत, बायकांची अट आहे. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. ही नुसतं “हो सर, तरीही” म्हणत होती.

तोंडाळ बाईने चष्मा उलटासुलटा करून पाहिला. दिवा विझलाय ना, म्हणून दोनदा बोट लावलं. मग नाकावर चढवला आणि एक मिरची उचलली, दुसरी उचलली, तिसरी चांगल्यात टाकता टाकता थांबली.

“माय वं,” ती म्हणाली, “हाई तर मन्ही सासूसारखं बोलस!”

बाकीच्या माना वळल्या. “दे ना, मले देखू दे!”

साहेबांचं उत्तर अजून आलेलं नाही. असला चष्मा गावोगाव चालेल की नाही, मला काय ठाऊक? पण त्या दुपारी तो माझ्या हाती काही परत आला नाही, आणि मला मांजराला पुन्हा एकदा पाहायचं होतं.