दोन घरांचा कोंडा

तंजावूरजवळच्या तिरुवैयारूभोवतालच्या गावांत सेतुराम बावीस वर्षं मोपेडवर फिरून एकच गोष्ट सांगत आला: विकतचं गोणीतलं खाद्य कमी करा, भातगिरणीत निघतं ते गाईला घाला. दूध संघाची नोकरी; बायका त्याला 'सार', म्हणजे साहेब, म्हणत. बायकांना तो तमिळमध्ये सांगे, "तविडु घाला." तांदूळ सडताना निघते ती तपकिरी पूड म्हणजे तविडु. भाताचं वरचं टरफल ती उमी, आणि ती चुलीत जाते.

वेंकूबाईला मात्र त्यानं मराठीत सांगितलं. तिच्या गावात मराठी बोलणारं तेवढं एकच घर, आणि तंजावूरच्या राजवाड्यामागं वाढलेल्या सेतुरामला तिच्या दारात आपली भाषा बोलायची हौस. "अक्का, निम्मं खाद्य, निम्मा कोंडा," तो म्हणाला आणि निघाला.

दहाव्या दिवशी वेंकूबाईची गाय बसली ती उठेना. पोट फुगलेलं, शेण बंद. डॉक्टरांनी तेल पाजलं. सेतुराम पोचला तेव्हा शेजारच्या बायका अंगणात होत्या. त्यानं घमेल्यात हात घातला. उमी.

"चुलीत घालायचं ते गाईला घातलंत?" तो सगळ्यांसमोर तमिळमध्ये म्हणाला. "जन्म गेला गाई पाळण्यात, एवढं कळत नाही?"

"उद्या वीट चारेल, सार," शेजारची भामा म्हणाली. बायका हसल्या. वेंकूबाई पदरानं गाईचं तोंड पुसत राहिली.

अंगण रिकामं झाल्यावर ती मराठीत हळूच बोलली, "सेतुरामराव, आमच्यात उमीलाच कोंडा म्हणतात. तविडूला तविडूच."

"पण उमी गाय खात नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं की."

"पेंढ्याला युरिया लावून घाला म्हणालात, तेही वेडंच वाटलं होतं. गाईनं खाल्लं. म्हटलं, हेही नवं काही असेल."

"मग आत्ता बोलला का नाहीत?"

"चारचौघांत तुम्हाला कसं बोलू? आपला माणूस."

घरी येऊन त्यानं बायकोला विचारलं, "कोंडा म्हणजे काय गं?"

भांडी लावता लावता सरोजा म्हणाली, "कुणाचा? तुमच्या आईचा, का माझ्या आईचा?"

म्हणजे एका शब्दाचे हे दोन अर्थ त्याच्या घरातच होते, तीस वर्षं. तो जेवला नाही. वेंकूबाई कुणाला सांगणार नव्हती. गप्प बसलं तर गावाच्या लेखी मूर्ख तीच ठरणार होती, आणि तो पूर्वीसारखाच सार राहणार होता. हे सोपं आहे, असं आपल्या मनात येऊन गेलं, याचीच त्याला अधिक लाज वाटली.

सकाळी संकलन केंद्रावर रांग होती. गाय उठली होती, पण वेंकूबाईच्या किटलीत तळापुरतंच दूध होतं. सेतुरामनं तमिळमध्ये सांगितलं: चूक अक्कांची नव्हती. मी मराठीत कोंडा म्हणालो, त्यांनी कोंडाच घातला; त्यांच्या घरी कोंडा म्हणजे उमी. शब्द माझा चुकला, आणि वर मी त्यांनाच बोललो.

"मग वीट कुणी खायची, सार?" भामा म्हणाली. या वेळी फारसं कुणी हसलं नाही.

तो वेंकूबाईकडे वळला. "अक्का, चुकलो," मराठीत म्हणाला.

तिनं किटली पुढं केली आणि त्याच्याशी पहिल्यांदाच तमिळमध्ये बोलली. "यापुढं मला याच भाषेत सांगा, सार. सगळ्यांना सांगता तसं."