एक कोटी एक

जगातली एकही मोठी संख्या माझ्या मामेसासऱ्यांसमोरून सबंध गेलेली नाही. डोंबिवलीत रिक्षा थांबली की मामा आधी तिचा नंबर फोडतात, मग बसतात. रिक्षावाला ओरडतो, "काका, बसताय की केस करताय?" गॅस सिलिंडर, विजेचा मीटर, लग्नपत्रिकेवरचा मोबाइल, सगळ्यांचे अवयव त्यांनी पाडलेले आहेत. माझ्या पुतणीला वर्तकनगरचं स्थळ आलं, तेव्हा मुलाचा फोन नंबर ऐकून म्हणाले, "तीनने जातो, सातनेही जातो. मुलगा माणसांत मिसळणारा दिसतोय." जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाच भाग जात नाही, त्या मूळ संख्येची मात्र त्यांना कणव. "खाणावळीत भिंतीकडे तोंड करून जेवणारा माणूस हो तो!"

या हौसेच्या तळाशी भीती आहे, हे मला उशिरा कळलं. मामांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी स्वतःच्याच दाराची बेल वाजवून "इथं कोण राहतं?" विचारत. तेव्हापासून दर रविवारी मामा मला समोर बसवून एखादी अवाढव्य संख्या तोंडी सोडवतात आणि मी मोबाइलवर पडताळतो. मामी म्हणतात, "एक वेळ देवपूजा राहील, पण ही परीक्षा नाही."

मध्यंतरी एका सकाळी मामांनी दोनदा दाढी केली. मामींनी मला ते फोनवर कुजबुजत सांगितलं. त्यानंतरच्या रविवारी मी गेलो, तर मामा म्हणाले, "एक कोटी एक. मूळ आहे. बघा, जावईबापू."

 अकराची कसोटी त्यांनीच मला शिकवली होती: एकाआड एक आकड्यांच्या दोन बेरजा सारख्या आल्या, की अकराने भाग जातो. इथे तर दोन टोकांना दोन एक आणि मध्ये नुसती शून्यं. एक बेरीज एक, दुसरीही एक. तरी मी मोबाइल काढला, उगाच बोटं फिरवली आणि म्हणालो, "बरोबर, मामा. मूळच."

मामांनी चष्मा काढला. "अकराने जाते. अकरा गुणिले नऊ लाख नऊ हजार एक्याण्णव. पाठ आहे मला."

माझा जीव भांड्यात पडला, मी मोठ्याने हसलो. ते हसले नाहीत. "मुद्दाम चुकलो होतो. या डोक्याची खात्री नाही, म्हटलं तुमची तरी करून घ्यावी. आता मी खरंच चुकेन, त्या दिवशी मला सांगणार कोण?"

स्वयंपाकघरात मामींच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.  माया म्हणून मी त्या माणसाला भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं.

गेल्या रविवारी ते म्हणाले, "दहा लाख तेरा. मूळ." मी भागून पाहिलं, दोनदा पाहिलं. मग बोललो. "मामा, ही सातने जाते."

"शाब्बास!" मामा म्हणाले.

पण स्वतः पुटपुटत सातने भागून पाहिल्यावर म्हणाले.