डेव्हेंटरची नदी, दुबईची खाडी

एकोणीसशे साठ साल नुकतंच उलटलं होतं. दुबईच्या खाडीतला गाळ उपसणाऱ्या जहाजावर मी स्वयंपाकी होतो, रत्नागिरीकडचा. आमचा कप्तान डच. मी सुके बांगडे भाजले की बाकीचे गोरे नाक दाबून पळायचे. तो मात्र ताटली पुढे करायचा.

"आमचं डेव्हेंटर सुक्या मासळीवरच मोठं झालं," तो मोडक्या हिंदीत सांगायचा. हॉलंडमधलं नदीकाठचं जुनं शहर. उत्तरेच्या समुद्रातून मासळी यायची, मोठाल्या जत्रा भरायच्या, व्यापाऱ्यांनी दगडी घरं बांधली. मग नदी वाळूने उथळ झाली आणि जहाजं दुसऱ्या बंदरांकडे वळली. पुढे कितीतरी पिढ्यांनी कारखाने आले, तेव्हा कुठे शहराने पुन्हा अंग धरलं.

"आणि मधल्या माणसांचं काय झालं?" मी विचारलं.

"वाट बघत मेली."

त्या हिवाळ्यात माझा थोरला भाऊ लाँचने दुबईला यायला निघाला. त्याला यायचं नव्हतं; मीच हट्टाने बोलावलं होतं. लाँच खाडीजवळ पोचली त्याच दुपारी शमाल, म्हणजे तिकडचा वायव्येचा वादळी वारा, उठला. खाडीच्या तोंडाशी पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यावर ती रुतून बसली. लाटा तिच्या अंगावरून जात होत्या. डोलकाठीला बिलगलेली माणसं आम्हाला दिसत होती.

मी कप्तानाचे पाय धरले. "साहेब, माझा भाऊ आहे तिच्यावर!"

"जहाज तिथे जाणार नाही. पाणीच नाही तेवढं."

"मग लहान बोट द्या. मी एकटा जातो."

त्याने एक शिवी हासडली आणि स्वतःच बोटीत उतरला. मी मागोमाग उडी टाकली.

आम्ही दोर फेकला. एकेक माणूस ओढून घेतला. भाऊ शेवटी राहिला होता. एका म्हाताऱ्याच्या कमरेला दोर बांधून त्याने त्याला पुढे ढकललं. माझ्याकडे बघून काहीतरी ओरडला, वाऱ्यात कळलं नाही. पुढच्या लाटेत लाँच फुटली.

कितीतरी दिवस मी किनारा पालथा घातला. मय्यत मिळाली नाही. गाळ उपसणं चालूच होतं. हळूहळू खाडीची वाट खोल झाली, मोठ्या लाँची थेट आत येऊ लागल्या. लोक म्हणत, आता दुबई वाढणार. मला तिकडे बघवत नसे.

गावी जायची हिंमत व्हायला बरीच वर्षं लागली. आईला सगळं ठाऊक होतं. तरी दारात उभी राहून तिने माझ्या पाठीमागे पाहिलं आणि विचारलं, "एकटाच आलास?"